छोटी बोट, पिकअप आणि रॅम्प: पाण्यात उतरवताना काय काय बघायचं?

हुरॉनकाठ
मंडळी, मिशिगनमध्ये, डेट्रॉईटच्या पश्चिमेला, नोव्हायच्या आसपास राहतो. यंदा बर्फ वितळल्यावर एक जुनी १४ फुटी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली. मागे बसून हाताने वळवायची ९.९ हॉर्सपॉवरची मोटर आहे, ट्रेलर साधा, गालिचा ठोकलेल्या दोन लांब फळ्यांचा. ओढायला जुनी टकोमा (टोयोटाची पिकअप), फोर बाय फोर. बोट पाण्यात चालवण्याची फारशी धास्ती नाही, ती उतरवण्याची आहे. केंट लेकच्या रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरत जाणाऱ्या काँक्रीटच्या उतारावर, नुसता बघायला गेलो होतो. एक म्हातारा एकटाच आला, बोट सोडली, गाडी लावून आला आणि गेला. त्याच्या मागच्या कुटुंबाचा ट्रेलर दर वेळी तिरका होत होता, रांग वाढत होती आणि नवराबायकोचं भांडण पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जात होतं. आमच्याकडे मी, बायको आणि आठ वर्षांची मुलगी. नेहमी बोट उतरवणारं इथे कोणी असेल तर नीट सांगा. व्हिडिओ भरपूर पाहिलेत, त्यात सगळे हसतमुख असतात आणि रॅम्प रिकामा असतो.

तळ्यातला_बगळा
मिनेसोटातून लिहितोय. इथे दर दुसऱ्या घरात बोट आहे, त्यामुळे रॅम्पवरची शिस्त शेजाऱ्यांकडून आपोआप शिकायला मिळते.

तुमच्या म्हाताऱ्याने रॅम्पवर घाई केली नव्हती. त्याचं सगळं काम पार्किंगमध्ये उरकलेलं होतं. रॅम्पच्या आधी बाजूला गाडी उभी करायची जागा असते, तिथे वेळ घ्या. डबे, गळ, लाइफ जॅकेटं, इंधनाची टाकी बोटीत ठेवा. बोटीचा मागचा भाग ट्रेलरला आवळणारे पट्टे सोडा. मोटर वर उचललेली आहे ना, बघा. पुढच्या कडीला लांब दोरी बांधा आणि तिचं दुसरं टोक माणसाच्या हातात येईल असं ठेवा. आणि बूच. बोटीच्या मागे तळाशी पाणी काढायचं भोक असतं, त्याचं बूच लावल्याशिवाय चाक हलवायचं नाही. ते लावताना हाताने ओढून बघा, रबर जुनं झालं की नुसतं बसल्यासारखं वाटतं.

पुढचा विंचचा (हँडल फिरवून बोट ओढायच्या चरखीचा) पट्टा आणि त्याच्या शेजारची साखळी मात्र पार्किंगमध्ये सोडू नका. बोट पाण्याला लागेपर्यंत तिला ट्रेलरवर धरून ठेवणारं तेवढंच उरलेलं असतं. रोलरच्या ट्रेलरवर हा पट्टा आधी सोडला तर उतारावर बोट घरंगळून थेट काँक्रीटवर येते. तुमच्या फळ्यांच्या ट्रेलरवर ती सहसा चिकटून राहते, पण फळ्या ओल्या असल्या तर भरवसा नाही.

आता मागे घेणं. स्टिअरिंग खालून, सहाच्या आकड्यावर एका हाताने धरा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलरचं बूड जातं. डोक्यात उलटसुलट गणित करावं लागत नाही. छोटा ट्रेलर मोठ्यापेक्षा अवघड असतो हे कोणी सांगत नाही. तो पटकन वळतो आणि पटकन कात्रीत येतो, म्हणजे गाडीशी काटकोनात दुमडतो. वाकडा झाला की मागे ढकलत दुरुस्त करायचा प्रयत्न सोडा, गाडी पुढे घेऊन सरळ करा. पुढे घेण्याला कोणी हसत नाही. हसत असतील तर हसू दे.

पुणेरी_पाटी
रॅम्पवर लावण्यासाठी सादर:
"ही बोट सोडण्याची जागा आहे. बोट भरण्याची, सजवण्याची व वैवाहिक चर्चेची सोय पार्किंगमध्ये केलेली आहे."

हुरॉनकाठ
पाटी छापून घेतो. बगळासाहेब, आभार. गाडी नेमकी किती आत न्यायची? टकोमाची मागची चाकं पाण्यात गेली तर चालतं का?

गिअरबदलू
हे मी घेतो, गाड्यांचं काम करतो.

रॅम्पचा उतार साधारण १२ ते १५ टक्के असतो. घराच्या ड्राइव्हवेपेक्षा बराच जास्त. इतक्या छोट्या बोटीला ट्रेलरच्या चाकांवरचे पत्रे पाण्याला टेकेपर्यंत आत गेलं की सहसा पुरतं, बोटीची मागची बाजू तरंगायला लागते. तेवढ्यात पिकअपची मागची चाकं पाण्याच्या काठाशी येतात. उथळ रॅम्पवर थोडी आत जावी लागतात. सायलेन्सरचं तोंड बुडलं तर इंजिन चालू ठेवा, बुडबुडे येतील, बिघडत नाही. बंद मात्र करू नका.

खरा त्रास तिथून वर येताना होतो. रिकाम्या पिकअपचं वजन पुढे असतं आणि मागचा हौदा हलका. साधी मागच्या चाकांवर चालणारी पिकअप असेल तर जोर लावणारी चाकं नेमकी शेवाळाच्या पट्ट्यात उभी असतात. फोर बाय फोर उपयोगी पडतं ते पुढची दोन चाकं कोरड्या काँक्रीटवर असतात म्हणून. रॅम्पवर सरळ झालात की फोर लो, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात संथ गिअर, टाका. त्यासाठी गाडी उभी हवी आणि गिअर न्यूट्रलला. अ‍ॅक्सिलरेटरला जेमतेम पाय लावूनही गाडी मुंगीच्या वेगाने सरकते, मागे जातानाही आणि वर येतानाही. पार्किंगच्या कोरड्या डांबरावर वळताना मात्र ते काढून टाका, टकोमासारख्या गाड्यांमध्ये पुढचा-मागचा शाफ्ट जखडलेला असतो आणि वळणावर सगळं कुरकुरतं.

थांबण्याचा क्रमही बघा. पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रलला, मग हँडब्रेक पूर्ण ओढा, पाय हळूच सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, पुन्हा पाय ठेवून मग पार्क. थेट पार्कला टाकलं तर गाडी, बोट, ट्रेलर यांचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिळीवर येतो.

रोहिणी_नक्षत्र
गिअरबदलू, हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो ना? आणि मागची चाकं शेवाळावर. मग काय उपयोग?

गिअरबदलू
बरोबर पकडलंत. म्हणूनच आधीचं उत्तर अर्धं होतं. जुन्या टकोमाला मागे ड्रम ब्रेक आहेत, आत पाणी गेलं की पकड कमी होते. आणि मागची चाकं जाम असली तरी शेवाळावर जाम चाकंही घसरतात. यावर दोन उपाय. फोर बाय फोर लावलेलंच राहू द्यायचं, मग गाडी पार्कमध्ये असताना पुढची चाकंही जखडलेली राहतात. आणि पुढच्या, कोरड्यावरच्या चाकांमागे लाकडी किंवा रबरी ओट (पाचर) लावायची. ओटेला दोरी बांधून ती आरशाला अडकवली तर गाडी वर नेताना ओट रॅम्पवर विसरत नाही, मागोमाग येते. गाडी घसरायला लागली तर धावत जाऊन दार उघडायचा विचारही करू नका. गाडी विम्यातून मिळते.

तळ्यातला_बगळा
माझं मत वेगळं आहे. दोघं असाल तर चालकाने गाडीतून उतरूच नये. पाय ब्रेकवर, खिडक्या खाली, सीटबेल्ट काढलेला. दुसरा माणूस पट्टा सोडेल. रॅम्पवर घसरलेल्या बहुतेक गाड्यांत त्या क्षणी कोणीच बसलेलं नसतं.

गिअरबदलू
दोघं असताना मान्य. एकटा असेल त्याला उतरावंच लागतं, मी त्याच्यासाठी लिहिलं.

रोहिणी_नक्षत्र
आता मुद्द्याचं. हुरॉनकाठ, तुमच्या प्रश्नात "मी, बायको आणि मुलगी" एवढंच आहे. गाडी तुम्ही चालवणार आणि वहिनी ओल्या धक्क्यावर दोरी घेऊन उभ्या राहणार, हे आधीच ठरलंय का? आमच्याकडे मी ट्रेलर मागे घेते आणि नवरा बोटीत असतो. मला तरंगत्या बोटीपेक्षा गाडी जास्त कळते म्हणून. कोण काय करणार हे घरी ठरवा, रॅम्पवर नाही.

सराव एखाद्या रिकाम्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी ऑफिसच्या मागे वगैरे करा. प्लास्टिकचे कोन ठेवा आणि दोन रांगांच्या मधून ट्रेलर मागे घ्या. दोघांनीही. हातवारे मोजकेच ठेवा: ये, थांब, पुढे घे. "डावीकडे" ओरडण्यात अर्थ नाही, कोणाचं डावं, गाडीचं की ट्रेलरचं, हा वाद तिथे सुटत नाही. एक नियम आमच्याकडे पक्का आहे. मागे उभा असलेला माणूस आरशात दिसेनासा झाला की गाडी थांबते, मग मागे कितीही रांग असो.

मुलीला लाइफ जॅकेट पार्किंगमध्येच घाला आणि गाडी थांबेपर्यंत तिला रॅम्पच्या उतारावर येऊ देऊ नका. मिशिगनमध्ये सहा वर्षांखालच्यांना उघड्या डेकवर ते घालणं सक्तीचं आहे, मिनेसोटात दहाखालच्यांना. तुमची आठची. कायद्याने सुटत असली तरी घालाच. धक्क्याच्या टोकाला पाणी तिच्या डोक्यावरून असतं.

हुरॉनकाठ
बायकोला हा प्रतिसाद वाचून दाखवला. गाडी तीच घेणार असं जाहीर झालं आहे. :)
रिकामा ट्रेलर आरशात दिसतच नाही, ही माझी तक्रार. टकोमाच्या मागच्या झडपेआड तो पूर्ण लपतो. दिसतो तेव्हा आधीच कात्रीत असतो.

रोहिणी_नक्षत्र
हौद्याची झडप खाली पाडा. कॅमेरा झडपेत असेल तर तो जमीन दाखवत बसेल, पण मान वळवून ट्रेलर सरळ दिसतो. फक्त तीव्र वळणावर झडप ट्रेलरच्या पुढच्या जॅकला आपटू शकते, तेवढं बघा. आणि ट्रेलरच्या मागे दोन्ही बाजूंना उभे पाइप बसवून घ्या. मागे घेताना ते दिसतात, आणि बोट परत चढवताना ती दोन पाइपांच्या मध्ये आपोआप येते. छोट्या बोटीवर मी केलेल्या खर्चातला सगळ्यात सार्थकी लागलेला खर्च हा.

किनाऱ्यावरचा_माड
देवगडकडचा. तुमचं सगळं वाचून गंमत वाटतेय. आमच्याकडे छोटी होडी वाळूवर ओढून ठेवायची आणि भरती आली की ढकलायची. खाली आडवे ओंडके टाकायचे, मागचा मोकळा झाला की उचलून पुढे आणायचा. चार माणसं, आरडाओरडा, झालं. एका बाजूला उलांडी (तोल सांभाळणारा आडवा ओंडका) असलेली होडी तर ट्रेलरवर नीट बसणारही नाही. आता काही ठिकाणी ट्रॅक्टरने ओढतात.

पण एक सांगतो, इकडे कोणी हा धागा वाचून जीप घेऊन पुळणीवर उतरू नका. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर पर्यटकाची गाडी वाळूत रुतून भरतीत बुडाल्याची बातमी येते. ओली वाळू दिसते टणक, पण चाक जागच्या जागी फिरलं की खाली पोकळ होत जाते. फोर बाय फोर असलं तरी चार चाकं रुततात एवढंच. तुमच्याकडे निदान काँक्रीट आहे. तिथे भरती-ओहोटी असते का?

तळ्यातला_बगळा
मोठ्या सरोवरांतसुद्धा जाणवण्याइतकी नसते. वाऱ्याने पाणी एका काठाला लोटलं जाऊन पातळी वरखाली होते ती वेगळी. केंट लेक तर हुरॉन नदीवर बांध घालून झालेलं तळं, साधारण १२०० एकर. तिथे मोटरबोटींना ताशी १० मैलांची मर्यादाही आहे, नवख्यासाठी उत्तम.

जर्सीची_सुरमई
आमच्याकडे असते! न्यू जर्सीच्या बार्नेगट बेमध्ये उतरवतो. खाऱ्या पाण्याचं वेगळं तंत्र आहे, कधी तुमच्याकडचं सेंट क्लेअर सरोवर सोडून समुद्राकडे वळलात तर उपयोगी पडेल.

ओहोटीला रॅम्पचा जो भाग उघडा पडतो तो हिरवा आणि तेलकट असतो, तिथे चालणंही कठीण. ओहोटी फार असेल तर काँक्रीट जिथे संपतं तिथपर्यंत ट्रेलर जातो, चाकं कडेवरून खाली पडतात आणि अ‍ॅक्सल कडेला अडकतो. म्हणून उतरवायची आणि काढायची, दोन्ही वेळांचं पाणी बघून निघायचं. सकाळी भरतीला झोकात उतरवलेली बोट दुपारी ओहोटीला काढता येत नाही, मग बसा पाणी चढायची वाट बघत.

घरी आल्यावर ट्रेलर गोड्या पाण्याने धुवायचा, विशेषतः ब्रेक, स्प्रिंगा आणि गाडीचं बूडही. रंग दिलेला साध्या लोखंडाचा ट्रेलर खाऱ्या पाण्यात टिकत नाही, जस्त चढवलेला किंवा अ‍ॅल्युमिनियमचा हवा. मोटरलाही गोडं पाणी पाजायचं.

हुरॉनकाठ
दोन प्रश्न. एक, रॅम्पवर जाण्याआधी ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढायचा की नाही? दोन, हायवेवरून थेट पाण्यात गेलं की चाकांची बेअरिंग खराब होतात म्हणतात, खरं आहे का?

गिअरबदलू
दुसरं आधी. खरं आहे. हायवेवर हब, म्हणजे चाकांचे मधले तुंबे, तापतात. तसेच गार पाण्यात बुडवले की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधाळ होतं, बेअरिंग गंजतात आणि एखाद्या दिवशी हायवेवर चाक जाम होतं. पोचल्यावर पार्किंगमध्ये बगळ्यांनी सांगितलेली तयारी करत बसा, तेवढ्यात हब निवतात. हाताचा तळवा हबवर ठेवून बघायचा. स्प्रिंग असलेली ग्रीसची टोपणं मिळतात, ती आतलं ग्रीस थोडं दाबाखाली ठेवतात, म्हणून पाणी शिरत नाही. बसवून घ्या. जुना ट्रेलर आहे तर पहिल्या मोसमाआधी बेअरिंग उघडून नवीन ग्रीस भरा, मागच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका.

दिव्यांचं: साधे काचेचे बल्ब असतील तर प्लग काढा, तापलेला बल्ब गार पाण्यात तडकतो. सीलबंद एलईडी असतील तर गरज नाही.

जर्सीची_सुरमई
मी एलईडी असूनही काढतो. खाऱ्या पाण्यात ब्रेक दाबून उभं राहिलं की वायरच्या सांध्यातून वीज वाहते आणि तांबं हिरवं होतं.

तळ्यातला_बगळा
आणि निघताना पुन्हा लावायचं विसरतात लोक, मग हायवेवर ब्रेकचे दिवे नाहीत. मी एलईडीला हात लावत नाही. गोड्या पाण्यात माझं काही बिघडलेलं नाही.

गिअरबदलू
ट्रेलरला ढकलीवर लागणारे ब्रेक (गाडी मंदावल्यावर ट्रेलर पुढे ढकलला गेला की आपोआप लागणारे) असतील आणि प्लगला पाचवी तार असेल तर मागे घेताना प्लग लागलेलाच हवा. रिव्हर्सचा दिवा लागला की ती तार ट्रेलरचे ब्रेक सोडते. प्लग काढलात तर चढावर मागे ढकलताना ट्रेलर जाम होऊन उभा राहील. हुरॉनकाठ, तुमच्या हलक्या ट्रेलरला बहुधा ब्रेकच नसतील, बोट-मोटर-ट्रेलर मिळून हजार पौंडांच्या आत असावं. टकोमाला ते जाणवणारही नाही. त्यापेक्षा हिचचा बॉल, म्हणजे गाडीच्या मागचा ट्रेलर अडकवायचा गोळा, बघा. त्याच्या डोक्यावर माप कोरलेलं असतं. कपलर (त्यावर बसणारी ट्रेलरची वाटी) दोन इंची आणि बॉल पावणेदोनच्या थोडा वर, म्हणजे १ ७/८ इंची, ही जोडी वरवर बसते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात सुटते. सुरक्षेच्या दोन साखळ्या दांडीखालून एकमेकींना छेदत लावा, कपलर सुटला तर दांडी जमिनीत न घुसता साखळ्यांवर झेलली जाते.

किनाऱ्यावरचा_माड
बोट उतरवायला एवढं, मग काढायला किती?

रोहिणी_नक्षत्र
काढणं जास्त अवघड, कारण सगळे दमलेले असतात आणि सगळे एकाच वेळी येतात. ट्रेलर उतरवतानापेक्षा थोडा कमी बुडवायचा. फार बुडवला तर बोट फळ्यांवर तरंगत राहते, आडवी होते, आणि वर ओढताना वाकडी बसते. फळ्यांची पुढची टोकं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. मग दोरीने बोट आणायची, विंचचा हूक लावायचा आणि हँडल फिरवायचं. खटका लागलाय याची खात्री होईपर्यंत हँडल सोडू नका, उलटं फिरलं तर मनगटाचं हाड मोडतं.

जर्सीची_सुरमई
किंवा मोटरचा जोर देऊन थेट ट्रेलरवर चढवायची. झटकन होतं.

तळ्यातला_बगळा
कृपया नको. मोटरच्या झोताने रॅम्पच्या टोकाखालची माती आणि खडी उकरली जाते, काँक्रीटच्या शेवटी खड्डा आणि त्यापलीकडे ढीग तयार होतो. मग त्याच खड्ड्यात पुढच्या माणसाच्या ट्रेलरची चाकं पडतात. तुम्ही वर जी कडेवरून पडायची गोष्ट सांगितलीत तिचं एक कारण हेच आहे. बऱ्याच रॅम्पवर मनाईची पाटीही असते. १४ फुटी बोट तर हाताने ओढली तरी येते.

जर्सीची_सुरमई
आमच्याकडे रॅम्प खोल आहे, वारा आडवा असतो, विंचने ओढेपर्यंत बोट धक्क्याला घासते. पण मुद्दा मान्य, उथळ तळ्यात करू नये.

तळ्यातला_बगळा
वर आल्यावर रॅम्पवर थांबायचं नाही, पुन्हा बाजूच्या जागेत. पट्टे आवळा, मोटर उचलून आधार द्या, आणि बूच काढा. मिनेसोटात बूच लावून रस्त्यावर बोट नेणं बेकायदा आहे. मिशिगनमध्येही २०१९ पासून बूच काढून, पाणी सांडून, वनस्पती काढूनच रस्त्यावर यावं लागतं. प्रकरण झेब्रा शिंपल्यांचं आहे. काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या भागातला हा नखाएवढा शिंपला जहाजांच्या तळातल्या पाण्यातून आला, १९८८ मध्ये तुमच्याच शेजारच्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला आणि पुढे आतल्या तळ्यांत पसरला तो बोटी आणि ट्रेलरांवर बसून. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, बोटीच्या तळातल्या वाटीभर पाण्यातही असू शकतात. दुसऱ्या तळ्यात जाणार असाल तर मध्ये पाच दिवस बोट कोरडी ठेवा. ट्रेलरच्या फळ्यांवरचा गालिचा सगळ्यात उशिरा वाळतो. उन्हात ठेवा.

हुरॉनकाठ
हे मला अजिबात माहीत नव्हतं, बूच फक्त बोट बुडू नये म्हणून असतं असं वाटायचं.
रविवारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये कोन घेऊन जातोय. केंट लेकला मंगळवारी संध्याकाळी, गर्दी नसताना. गळही टाकणार.

गिअरबदलू
मोटरच्या बंद करायच्या कळीची दोरी मनगटाला लावायला विसरू नका. २६ फुटांखालच्या, तीन हॉर्सपॉवर आणि वरच्या मोटरच्या बोटींना फेडरल (केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या) पाण्यात १ एप्रिल २०२१ पासून ती वापरणं बंधनकारक आहे. हाताने वळवायच्या मोटरवर तर माणूस कडेलाच बसलेला असतो. पडला की बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते.

जर्सीची_सुरमई
मिशिगनमध्ये १७ पूर्ण असतील त्यांना मासेमारीचा परवाना लागतो, तुम्हा दोघांनाही. मुलीला नको. ब्लूगिल मासा लागला तर खवले काढून अख्खा तळा, रवा लावून. काटे फार आहेत, पण गोड्या पाण्यातल्या माशांत त्याच्याइतका चवीचा मला तरी दुसरा मिळालेला नाही.

किनाऱ्यावरचा_माड
रवा नको, तांदळाचं पीठ. आणि कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवा.

पुणेरी_पाटी
धागा बोटीचा आहे. पाककृतीसाठी वेगळा विभाग आहे.
(आगळ अमेरिकेत कुठे मिळतं?)